कप्तानपद न मिळालेला गोलंदाज

मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला बाहेरगावाहून माणसे येतात ती बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव पाहायला. स्मारकापाशी थांबतात, सकपाळ घराण्याची आणि रामजी सुभेदारांची माहिती ऐकतात आणि परतीच्या वाटेला लागतात. १९३७ साली मुंबईत विधानसभेच्या निवडणुकीला बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांच्यासमोर काँग्रेसने कोणाला उभे केले होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. तो उमेदवारही मूळचा याच रत्नागिरी जिल्ह्याचा, तोही अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो एके काळी हिंदुस्थानातला सर्वांत नावाजलेला गोलंदाज होता. त्याचे नाव बाळू पालवणकर. वर्तमानपत्रांत आणि धावफलकांवर ते नुसते ‘पी. बाळू’ असे येई.

मंडणगडच्या वाचकाने हे चरित्र वाचावे असे मला मनापासून वाटते, आणि केवळ जिल्ह्याचा अभिमान म्हणून नव्हे. भातकापणी उरकली की आपल्याकडे खाचरांत स्टंप रोवले जातात. शिमग्याला चाकरमानी आले की वाडीवाडीचे संघ मैदानात उतरतात, करंडक लागतात, रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. संघ वाडीच्या नावाने उतरतो, आणि कोकणात वाडी म्हणजे बहुतेक वेळा जातही असते. त्यामुळे खेळाडू कोणत्या घरचा, तो कोणाबरोबर बसतो, संघाचे नेतृत्व कोणाकडे जाते, हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. बाळूंच्या आयुष्यात हे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी इतक्या उघडपणे उभे राहिले की त्यांची उत्तरे सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत द्यावी लागली.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे चर्मकार, आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून आलेले, वडील लष्कराच्या नोकरीत. कोकणातल्या कितीतरी दलित घरांची कहाणी अशीच पलटणीच्या वाटेने जाते. आपल्या तालुक्यात सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट किल्ला १७५६च्या सुमारास इंग्रजांकडे आला आणि पुढे मुंबईच्या फौजेत कोकणची माणसे मोठ्या संख्येने भरती झाली. गावात जे पाणी, जो रस्ता, जी शाळा मिळत नव्हती, त्यांतले थोडेबहुत छावणीत मिळे. रामजी सकपाळ सुभेदार झाले ते त्याच वाटेने. शेजारच्या दापोलीला निवृत्त शिपायांची वस्ती झाली आणि तिथेच गोपाळबाबा वलंगकर या माजी सैनिकाने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला जाहीर जाब विचारला. बाळूंचे घर पुण्याच्या छावणीत वाढले ते याच काळात. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे सगळेच पुढे क्रिकेट खेळले, आणि चौघेही वरच्या दर्जाचे खेळले. एका घरातून असे चार खेळाडू निघाले ते साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू गोळा करून.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर ओढण्याची. पगार महिन्याला तीन रुपये. १८९२च्या आसपास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. जाळी उभारायची, खेळपट्टी आखायची, टेनिस कोर्टाच्या रेषा मारायच्या आणि सांगतील तेव्हा सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज रोज जाळीत सरावाला येई. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे, असे त्याने बाळूंना सांगून ठेवले होते, अशी कथा आहे. हिशेब मांडून पाहा: आठवड्यातून दोनदा ग्रेग बाद झाला तर महिन्याकाठी पगाराइतकी रक्कम वर मिळणार. डावखुऱ्या मंदगती फिरकीवर बाळूंनी मिळवलेली हुकमत या अशा शेकडो तासांच्या मजुरीतून आली.

या काळातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. पूना क्लबाच्या जाळीत बाळूंनी असंख्य चेंडू टाकले, पण तिथे त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, ते नोकराने करायचे; फलंदाजी साहेबांची, सरदारांची, राजपुत्रांची. त्याच दशकात, १८९६ साली, रणजितसिंहजी इंग्लंडकडून कसोटी खेळले आणि त्यांच्या फलंदाजीचे कौतुक सगळ्या जगात झाले. राजघराण्यातला हिंदी माणूस बॅट घेऊन उभा राहतो आणि चर्मकाराचा मुलगा त्याच खेळात चेंडू टाकत राहतो, ही त्या काळच्या क्रिकेटची विभागणी होती. ती लक्षात ठेवली तर पुढे कप्तानपदावरून जे घडले त्याचे मूळ कळते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंवाचून चालणार नव्हते. संघात घ्यावे की न घ्यावे यावर बरीच खळखळ झाली. शेवटी घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत होते जो बाळूंच्या बोटांतून सुटलेला असे, त्याला कोणाची हरकत नव्हती. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात पाणी घेऊन येई. नियम असा बसला होता की, खेळ चालू असेपर्यंत स्पर्श चालतो, थांबला की विटाळ सुरू होतो.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातला. यजमानांनी बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टीवर रोलर फिरवून ती कडक करून ठेवली होती, असे सांगतात. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. परतल्यावर झालेल्या सत्काराला न्यायमूर्ती रानडे होते. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिताही आले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. सुधारक आणि राष्ट्रवादी एरवी एकमेकांवर तुटून पडत असत. या गोलंदाजाच्या बाबतीत दोघांना एकाच मांडवात यावे लागले.

पुढे बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा त्यांच्या बोटांनीच तो मिटवला. नोकरी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागली, रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईत त्या वेळी क्रिकेट जमातवार चाले. पारशी सर्वांत आधीचे. त्यांनी १८८६ आणि १८८८ साली इंग्लंडचे दौरेही केले होते. हिंदू मागून आले. आणि ‘हिंदू’ संघ म्हटला की त्यात कोण बसते हे ठरवावे लागणारच होते.

फेब्रुवारी १९०६ मधला मुंबईचा हिंदू-युरोपियन सामना या दृष्टीने फार मोठा. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ वर रोखले. विजय १०९ धावांचा. बाळूंचे बळी पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात पाच. शिवरामही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना हा निकाल लागला, त्यामुळे त्याला खेळापलीकडचा अर्थ आला हे साहजिकच. पण त्या वेळच्या सुधारकी पत्रांनी आणखी एक गोष्ट टिपली: चर्मकार भावंडांना बरोबर घेतल्यामुळे हा विजय मिळाला, तेव्हा जातीचे बंधन सैल केल्याचा फायदा डोळ्यांनी दिसतो आहे. हा युक्तिवाद चांगल्या हेतूचा आहे, आणि तरीही तो मला पुरेसा वाटत नाही. बाळू उपयोगी पडले म्हणून त्यांना जवळ करावे, असे त्यात गृहीत आहे. जो सात बळी घेऊ शकत नाही त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर १९०६ साली कोणाजवळ नव्हते. ते आपल्याच सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी दिले. पाणी पिण्याचा हक्क सिद्ध करायला तिथे कोणालाही गोलंदाजी करून दाखवावी लागली नाही.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. पारशी, मुसलमान, हिंदू अशा सगळ्यांचा तो संघ. दौरा संघासाठी खडतर ठरला. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दहा गमावले, दोनच जिंकले, लीस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. या पडझडीत एकटे बाळू उभे होते. खांद्याचे दुखणे सोसत त्यांनी दौऱ्यात १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणीतले. वय पस्तिशी ओलांडलेले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला तो जून १९३२ मध्ये, तेव्हा बाळू छप्पन्नच्या घरात होते. त्यांच्या नावापुढे कसोटीचा एकही आकडा नाही याचे कारण एवढेच. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, हा त्यांचा कायमचा हिशेब.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे अभ्यासक मानतात. वीस वर्षांचा विद्यार्थी आणि पस्तिशी उलटलेला विजयी खेळाडू. दोघांची मुळे एकाच जिल्ह्यात, दोघांचे बालपण पलटणीच्या आसऱ्याने गेलेले. भीमरावांपुढे त्या काळी आपल्या समाजातला, सगळ्या देशाने नावाजलेला माणूस म्हणून बाळूंखेरीज दुसरे कोण होते? पुढच्या काळातले मतभेद वाचताना ही सुरुवात वाचकाने मनात ठेवावी.

आता कप्तानपद. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्यावर मुंबईच्या जमातवार क्रिकेटमधली त्रिकोणी स्पर्धा चौरंगी झाली. हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. तरी नेतृत्व दर वेळी दुसरीकडे. १९१३ साली झालेल्या एका समारंभात कप्तान एम. डी. पै यांनी स्वतःच सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पैंच्या या सरळपणाबद्दल मला आदर आहे. पण निवड करणारे बधले नाहीत. त्यांना बाळूंची गोलंदाजी हवी होती. त्यांचा हुकूम ऐकायची तयारी नव्हती. कप्तान क्षेत्ररक्षण लावतो, चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवतो, एखाद्याला हटवतो. ब्राह्मण खेळाडूने चर्मकाराच्या सांगण्यावरून जागा बदलायची, हे त्यांना गिळता आले नाही.

हा पेच एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. अमेरिकन फुटबॉलच्या आरंभकाळाकडे पाहिले तर तिथेही तोच सापडतो. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. पुढची चाल सांगायची, चेंडू पहिल्यांदा हाती घ्यायचा आणि बाकी दहा जणांना चालवायचे, हे त्याचे काम. फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९२० साली, व्यावसायिक लीगच्या पहिल्याच मोसमात, ॲक्रन प्रोज या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. पुढच्या वर्षी तो त्या संघाचा सहप्रशिक्षक झाला आणि १९२३ साली हॅमंड प्रोज संघाकडून क्वार्टरबॅकच्या जागीही खेळला. नंतर दार मिटले. १९३४ ते १९४५ या मोसमांत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि बंदी उठल्यावरही धावायला, अडवायला त्यांना घेत, विचार करण्याची जागा मात्र गोऱ्यांसाठी राखून ठेवत. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने संघ जिंकून दिला तो १९८८ साली. त्याचे नाव डग विल्यम्स. पोलार्डचे नाव त्या खेळाच्या सन्मानदालनात लागले २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. पुण्याच्या जाळीतली बॅट आणि अमेरिकेतली ती एक जागा, दोन्हींच्या मागे एकच समजूत आहे: अंगमेहनत तुमची, डोके आमचे.

आणि वर्षेही पाहा. ज्या १९२० साली ॲक्रन जिंकला त्याच वर्षी मुंबईत पालवणकर बंधूंनी हे मुकाट सोसायचे नाकारले. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडले आणि कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. बाळूंना संघातूनच वगळले होते. आता नेतृत्वावर विठ्ठल किंवा शिवराम यांचा हक्क पोचत होता. दोघांनी जाहीर निवेदन काढून आपली नावे मागे घेतली. वगळण्यामागे जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या काळी खेळाडूने जिमखान्याच्या वजनदार मंडळींना असे वर्तमानपत्रातून सुनावणे म्हणजे खेळावर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होते. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्याला बरे झालेले पै आणि दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले, आणि सामन्यात पैंनी मैदान सोडून काही वेळ सूत्रे बाळूंच्या हाती दिली. अधिकृत कप्तान म्हणून बाळूंचे नाव तेव्हाही लागले नाही. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, हिंदू जिंकले आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाने जे सोसले त्याची भरपाई धाकट्याच्या वाट्याला आली.

मला या सगळ्या चरित्रात १९०६चा विजय किंवा १९११चे बळी यांपेक्षा हे १९२०चे निवेदन मोठे वाटते. तोवर पालवणकरांनी जे मिळवले ते दुसऱ्यांच्या मान्यतेने मिळवले होते. इथे त्यांनी मान्यतेची वाट पाहणे सोडले.

राजकारणातले बाळू वाचकाला बुचकळ्यात टाकतील. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू असताना झालेल्या वाटाघाटींत दलित नेते एम. सी. राजा यांच्यासह ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते, आणि पुणे करारावर बाबासाहेबांच्या सहीबरोबर त्यांचीही सही आहे. १९३३ साली हिंदू महासभेतर्फे ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहून हरले. बाबासाहेबांच्या १९३५च्या येवल्याच्या धर्मांतर-घोषणेला त्यांचा विरोध होता. आणि १९३७ साली काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या निवडणुकीवरून बाळूंना मोडीत काढणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची चीड मी समजू शकतो. आंबडव्याच्या मातीत राहणाऱ्याला ती लवकर येते. बाबासाहेबांचा मार्ग इतिहासाने योग्य ठरवला, असे मीही मानतो. पण बाळूंचा जो विश्वास होता तो कुठून आला हे त्यांच्या आयुष्यातून वाचावे लागते. हिंदू संघाने त्यांना बाहेर बसवून चहा दिला, आणि त्याच संघाने पुढे त्यांच्या भावाला कप्तान केले. हा बदल त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला, आपल्या हातांनी घडवला. आत राहून, चांगले काम करून, वेळ पडली तर भांडून दार उघडते, हा त्यांचा अनुभव होता. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. परदेशातल्या पदव्या घेऊन आल्यावरही बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही. चौरंगी स्पर्धेच्या संघात अकरा जणांची जागा असते. समाजात कोट्यवधींची लागते. बाळूंचा मार्ग अकरांपर्यंत पोचत होता, आणि तिथवर तो खराच होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे नाव मागे पडत गेले. रणजी आणि देवधर ही नावे करंडकांमुळे शाळकरी मुलांच्याही तोंडी राहिली. बाळूंबद्दल विचारले तर आपल्याच तालुक्यातले क्रिकेटवेडे तरुण गप्प होतात. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथाने त्यांना पुन्हा उजेडात आणले, याबद्दल मराठी वाचकाने गुहांचे ऋण मानले पाहिजे. मात्र मूळ सामग्री मराठीत आपल्याजवळच होती. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध केले. चर्मकार घरातल्या क्रिकेटपटूने, हिंदू संघाच्या कप्तानाने, स्वतःच्या शब्दांत सांगितलेला हा काळ आहे. बाळूंच्या चरित्रानंतर वाचकाने थेट त्या पुस्तकाकडे जावे. मंडणगड, दापोली, खेड आणि चिपळूण इथल्या प्रत्येक वाचनालयात त्याची प्रत असावी, आणि उन्हाळ्यात वाडीच्या संघांना करंडकाबरोबर ती एखादी प्रतही मिळावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.